बाळ रडते तेव्हा : तान्ह्याला निजवण्याचा चार हजार वर्षांचा इतिहास

१/
रात्रीचे तीन. बाळंतपणासाठी माहेरी आलेली ताई भिंतीला टेकून पेंगते आहे. आई झोळीची दोरी ओढते आहे. मी, म्हणजे इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आणि नुकतीच मावशीपदी नियुक्त झालेली व्यक्ती, हातात खुळखुळा घेऊन उभी आहे. एका बाजूस तीन प्रौढ, दुसऱ्या बाजूस चार महिन्यांचा एक जीव. जिंकतो आहे तो. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण ज्याने रचली, त्याने मावशीला या प्रहरी पाहिलेले नसावे.

२/
त्या रात्री मनात आलेला प्रश्न असा : माणसांनी आजवर रडणारे बाळ शांत कसे केले? मोहिमांच्या तारखा आपल्याला तोंडपाठ असतात. मोहिमेवर गेलेल्या शिपायाच्या घरी तान्हे कोण जोजवत होते, हे मात्र बखरीत सापडत नाही. तरीही बाळाच्या रडण्याने आपला माग ठेवलेला आहे. मातीच्या विटांवर, वैद्यकाच्या ग्रंथांत, तत्त्वज्ञांच्या वादांत आणि सरकारी अहवालांत. हा धागा लांब आहे, मित्रहो. बाबिलोनमधून निघून आपण मुंबईच्या गिरणगावात पोहोचणार आहोत.

३/
प्रारंभ मेसोपोटेमियातून. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी काळातील एका मृत्तिकापट्टिकेवर कीलाकार लिपीत बाळाला निजवण्याचा मंत्र कोरलेला आहे. त्याचा आशय मोठा गमतीचा आहे. अंधाऱ्या घरातून, म्हणजे गर्भातून, बाहेर येऊन उजेड पाहिलेल्या बाळाला विचारले आहे, की तू का रडतोस? तुझ्या रडण्याने घराच्या देवाची झोप मोडली आहे! शेजाऱ्यांची तक्रार आपण समजू शकतो. येथे तक्रारदार प्रत्यक्ष गृहदेवता आहे.

४/
आता इजिप्त. इ. स. पूर्व १५५० च्या सुमाराचा ‘एबर्स पपायरस’ हा वैद्यकावरील प्रसिद्ध हस्तलेख. त्यात सतत रडणाऱ्या बालकासाठी एक औषध दिले आहे. एका वनस्पतीचा भाग घ्यावा, भिंतीवरील माश्यांची विष्ठा त्यात मिसळावी, गाळून चार दिवस पाजावे. रडे तत्काळ थांबते, अशी ग्वाहीही आहे. ही वनस्पती म्हणजे अफूचे झाड असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल तर गुण कशाने येत होता, हे सांगण्याची आवश्यकता नाही. श्रेय मात्र माशांनाही मिळाले.

५/
येथे क्षणभर थांबावे. लिखित इतिहासाच्या आरंभापासूनच बाळ शांत करण्याचे दोन मार्ग दिसतात. एक मार्ग माणसाचा : गाणे, कुशी, झोका. दुसरा मार्ग द्रव्याचा : चाटण, काढा, गोळी. पहिल्याला वेळ लागतो आणि कोणाचे तरी हात लागतात. दुसऱ्याला दोन्ही लागत नाहीत. धाग्याचा पुढचा सारा प्रवास या एका भेदावर उभा आहे.

६/
ग्रीसमध्ये तर या विषयावर थोरामोठ्यांत मतभेद झाला. प्लेटो आपल्या ‘कायदे’ या संवादाच्या सातव्या भागात सांगतो, की बाळाला निजवू पाहणाऱ्या स्त्रिया त्याला स्थिर ठेवत नाहीत, हलवत राहतात. गप्प बसत नाहीत, गात राहतात. त्यांचे हे अनुभवाचे ज्ञान त्याला पटले होते. तान्ह्या मुलांनी शक्य तेवढे जणू समुद्रावर, सतत हेलकावत राहावे, असे त्याचे मत.
प्लेटोचे म्हणणे आम्ही पडताळून पाहिले आहे. रिक्षा चालू असेपर्यंत आमचे बाळ गाढ झोपते. सिग्नलला थांबली, की डोळे उघडते.

७/
शिष्य अॅरिस्टॉटल वेगळे बोलला. ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथात तो म्हणतो, की मुलांचे रडणे-ओरडणे थांबवू पाहणारे चुकतात. त्या श्रमाने त्यांच्या शरीराची वाढ होते. म्हणजे एक म्हणतो उचला, दुसरा म्हणतो रडू द्या. आजही प्रत्येक घरात ही दोन पीठे नांदत असतात आणि बहुधा त्यांतील एक सासूबाईंच्या अध्यक्षतेखाली असते.

८/
त्याच ग्रंथात अॅरिस्टॉटल एका शोधाची वाखाणणी करतो. टारेंटमचा आर्किटास हा मोठा गणितज्ञ आणि प्लेटोचा स्नेही. त्याच्या नावावर एक खुळखुळा आहे! मुलांच्या हाती तो द्यावा, म्हणजे ती त्यात गुंततात आणि घरातील वस्तू फोडत नाहीत; कारण लहान मूल काही स्वस्थ बसू शकत नाही, असे अॅरिस्टॉटलचे स्पष्टीकरण. त्यावरून पुढे तो संगीतशिक्षणाच्या चर्चेकडे वळतो. त्या थोर विवेचनाच्या मुळाशी कोणाच्या तरी घरची फुटलेली भांडी असावीत, असे मला नेहमी वाटते.

९/
आता आपल्याकडे येऊ. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात ‘कुमारागार’, म्हणजे बाळाची खोली, कशी असावी याचे वर्णन आहे. उंदीर, किडे-पाखरे आणि दातांच्या प्राण्यांपासून ती सुरक्षित हवी. खेळण्यांचे नियम तर आजच्या मानकांना साजेसे आहेत. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी, मनोहर असावीत. जड नसावीत, अणकुचीदार नसावीत, तोंडात शिरतील इतकी लहान नसावीत, जीवघेणी आणि भीतिदायक नसावीत. हे नियम लिहिणाऱ्याने बाळाच्या तोंडातून काहीतरी बोटाने बाहेर काढलेले असणार.

१०/
त्याच अध्यायात माझे सर्वांत आवडते वचन आहे. मूल रडत असेल, जेवत नसेल वा ऐकत नसेल, तर त्याला भिववण्यासाठी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊ नयेत, असे चरक बजावतो.
इतिहासाचा विद्यार्थी निषेधाकडे कसा पाहतो, हे येथे ध्यानात घ्या. कोणी एखादी गोष्ट करू नका असे सांगत असेल, तर लोक ती सर्रास करत होते असे समजावे. म्हणजे बागुलबुवाचे घराणे निदान दोन हजार वर्षांचे जुने आहे, आणि त्याच्यावरील बंदीही तितकीच जुनी नि तितकीच निष्फळ!

११/
सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत : स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. बाळ दचकते, रडते, अंगावर पीत नाही, झोपत नाही, अशी लक्षणे या ग्रहांच्या बाधेत येतात. यास नुसती भाबडी समजूत म्हणून हसणे सोपे आहे. पण न बोलणाऱ्या बाळाच्या रडण्याचे कारण शोधताना माणूस किती हतबल होतो, हे ज्याने पाहिले, तो हसताना जरा थांबेल. नऊ ग्रह म्हणजे नऊ नावे दिलेली काळजी होय.

१२/
आपल्या घरांतील रीतही दोन्ही मार्गांची आहे. जुन्या लुगड्याची झोळी, पाळणा, अंगाई, मालिश, शेकशेगडी, दृष्ट काढणे हे सारे हातांचे मार्ग. सहाणेवर मोजून वळसे देऊन उगाळलेली बाळगुटी हा द्रव्याचा मार्ग : वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, ज्येष्ठमध आणि झोपेसाठी जायफळ. जायफळाचा वळसा जास्त झाला, की घरातल्या जाणत्या बाईचा डोळा वटारला जाई. द्रव्य होते, पण ते देणारा हात अनुभवी होता आणि त्या हातावर दुसऱ्या कोणाची तरी नजर होती.

१३/
आता धाग्याचा सूर बदलतो.
एकोणिसाव्या शतकात तान्ह्यांना अफू देण्याची चाल पश्चिम भारतात सर्वदूर होती. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे या विषयावर साक्षी झाल्या आणि १८९५ च्या अहवालात त्याची चर्चा आली. पोटदुखी, दात येणे, जुलाब यांवर उपाय म्हणून अफू दिली जाई. पण त्याहून साधे कारण हे, की आईला कामावर जायचे असे आणि बाळाने तोवर निजून राहणे आवश्यक असे.

१४/
हे केवळ ‘पौर्वात्य मागासलेपण’ होते काय? मुळीच नाही. त्याच शतकात इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे बाळांचे औषध घरोघर खपत होते. अफू आणि काकवी हे त्यातील मुख्य घटक. फ्रीडरिख एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात, इंग्लंडमधील कामगारांची स्थिती वर्णन करताना, या औषधाचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. गिरणी जेथे गेली, तेथे बाळाला गुंगी देणारी बाटली तिच्यामागून गेली.

१५/
अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जाऊ लागले. जाहिरातींत प्रसन्न माता, गुबगुबीत बालके, बाटलीत मॉर्फिन. १९०६ च्या अन्न व औषध कायद्याने अशा द्रव्यांचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा केला, तेव्हा आयांना आत काय आहे ते कळू लागले.
आणि आपल्या आजीच्या कपाटातील ग्राइप वॉटर? ते १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी तयार केले. त्यात अफू नव्हती. मूळ कृतीत मद्यार्क मात्र होता. ‘बाळ किती शांत झाले पाहा’ या वाक्याचा इतिहास असा आहे.

१६/
आता मुंबई. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी येथील पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा या परिसरात गिरणगाव उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत सुताच्या कामावर असत. त्यांच्यावर देखरेख करणारी, कामावर घेणारी आणि काढून टाकणारी बाई म्हणजे ‘नायकीण’. तिची मर्जी गेली, की चूल विझली.

१७/
१८९१ च्या कायद्याने गिरणीतील स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांपर्यंत मर्यादित केला. मर्यादित म्हणजे अकरा! त्याआधी आणि त्यानंतर घरचे पाणी, चूल, धुणे होतेच. चाळीतली एकच खोली. गावी असती तर सासू, जाऊ, नणंद, शेजारीण यांपैकी कोणाची तरी मांडी बाळाला मिळाली असती. येथे भोंगा वाजताच तिला निघावे लागे. कोणी बाळ शेजारच्या म्हातारीकडे ठेवी, कोणी थोरल्या मुलीच्या कडेवर देई, तर कोणी ते गिरणीतच घेऊन जाई.

१८/
अशा वेळी हाताशी असे ती बाळगोळी. इंग्रजी कागदपत्रांत ती ‘बाला गोली’ म्हणून भेटते. अफूची लहानशी गोळी. ती दिली, की बाळ तासन्‌तास निपचित पडे. ते रडत नसे, आणि दूधही मागत नसे. खरा घात येथेच होता. अफू वेदनेबरोबर भूकही मारते आणि श्वास मंदावते. बाळ शांत दिसे आणि हळूहळू रोडावत जाई. मात्रा थोडी चुकली, तर ते जागेच होत नसे.

१९/
१९२२ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीतील निष्कर्ष असा, की या स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती. शंभरांतील अठ्ठ्याण्णव. एखादी आई चुकते तेव्हा दोष तिचा म्हणता येईल. सगळ्याच आया एकच गोष्ट करतात, तेव्हा उत्तर आयांच्या स्वभावात नव्हे, त्यांच्या दिवसाच्या वेळापत्रकात शोधावे लागते.

२०/
एक आकडा अनेकदा उद्धृत होतो : १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू. आकडा भयंकर आहे, पण साधनचिकित्सा करायला हवी. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात आणि नंतर परतत. जन्म गावी होई, मृत्यू मुंबईत नोंदला जाई. त्यामुळे हा दर प्रत्यक्षाहून फुगलेला आहे. ही फूग वजा केली तरी एकखोलीच्या बिऱ्हाडांत बाळांचे मरण फार मोठे होते, यात शंका नाही. आकड्यावर प्रश्न विचारणे म्हणजे दुःख नाकारणे नव्हे.

२१/
समकालीन लिखाणात याचे खापर बहुधा एकाच डोक्यावर फुटलेले दिसते : अडाणी आई. तिला शिकवा, तिला समजवा, असा सूर. शिकवणे आवश्यक होतेच. पण प्रश्न पाहा. बाळगोळी न देणाऱ्या आईने अकरा तास बाळाचे करावे काय? याचे उत्तर शिकवणाऱ्याकडे नव्हते. आपल्या मुलाला काय देतो आहोत, हे त्या आईला बहुधा ठाऊक होते. तिच्यापाशी दुसरे देण्यासारखे काही नव्हते, आणि जे होते ते, म्हणजे तिचा वेळ, गिरणीने विकत घेतलेला होता.

२२/
१९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेस आले, तेव्हा एका तरुण सदस्याने त्याचे समर्थन केले. त्यांचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा खर्च प्रामुख्याने सरकारने उचलायला हवा, आणि त्या स्त्रियांच्या श्रमांतून लाभ घेणाऱ्या मालकालाही आपला वाटा टाळता येणार नाही, असे ते म्हणाले. बाळाच्या रडण्याचा प्रश्न पाळण्यापासून उठून विधिमंडळाच्या बाकावर आला होता.

२३/
१९२९ मध्ये कायदा झाला. मुंबई प्रांताचा हा प्रसूतिलाभ कायदा भारतातील पहिला. गोष्ट येथे सुखांत करण्याचा मोह होतो, पण इतिहास तशी सवलत देत नाही. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. यंत्रसुधारणा, स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी अशी अनेक कारणे त्यामागे होती. प्रसूतिलाभाचा भार नको म्हणून स्त्रियांनाच कामावर न घेणे हेही त्यांपैकी एक. आईला विश्रांती द्या असे सांगितल्यावर काहींनी तिला कायमचीच विश्रांती देऊन टाकली.

२४/
दुसरा धागा पाळणाघराचा. १९३४ च्या कारखाना कायद्यात, पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. १९४८ च्या कायद्याने ही तरतूद सक्तीची केली, आणि १९७६ मध्ये पन्नासाची अट तीसवर आणली. ‘पाळणाघर’ हा आपल्या भाषेतील शब्द किती नेमका आहे पाहा! पाळणा घरात असतो, ही जुनी कल्पना. पाळण्यासाठीच एक घर हवे, ही नवी.

२५/
आणि थोरल्या मुलीच्या कडेवरचे ते बाळ? त्याच्यामुळे तिची शाळा बुडे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे काम करणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हे नेमके ओळखले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली त्यांची ‘विकासवाडी’ या जाणिवेतून आकारास आली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचारही त्यांचाच. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द सर्वतोमुखी झाला.

२६/
आज बाळगोळी नाही. पण हॉटेलात कोणी आई रडणाऱ्या मुलासमोर मोबाइल धरते, तेव्हा आजूबाजूच्या चार टेबलांवर भुवया उंचावतात. मोबाइल अफूइतका घातक आहे असे मी म्हणत नाही. तुलना द्रव्याची नाही, भुवयांची आहे. १९२२ च्या अहवालाने जे शिकवले ते असे : आईच्या हातात काय आहे हे पाहण्याआधी, तिच्या मदतीला किती हात आहेत ते पाहावे. त्या टेबलावर बाबाही बसलेले असतात. त्यांच्याकडे पाहून कोणी भुवई उंचावत नाही, हाही इतिहासच.

२७/
चार वाजून दहा मिनिटांनी आमचे बाळ झोपले. कशाने, ते कोणालाच कळले नाही. आई म्हणते अंगाईने, ताई म्हणते ढेकर निघाल्याने, माझा दावा खुळखुळ्याचा आहे आणि आर्किटास माझ्या बाजूने आहे. खरे कारण बहुधा एवढेच, की आम्ही तिघी होतो. एक दमली, की दुसरी उठत होती.
गिरणगावातल्या त्या आईला ही दुसरी लाभली नाही. अहवालात तिच्या बाळाची टक्केवारी आहे, तिचे नाव नाही. हा धागा तिच्यासाठी.

तुमच्या घरी बाळ निजवण्याची कोणती रीत होती, बागुलबुवाला कोणत्या नावाने हाक मारत, आणि आजी-पणजीकडून गिरणीच्या दिवसांतल्या काही आठवणी ऐकल्या असतील, तर खाली जरूर लिहा. या इतिहासाची साधने दफ्तरखान्यांपेक्षा तुमच्या घरांत अधिक आहेत.